साडेसहाशेचा ताव

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर गोंधळ नको. माझे दोन तुकडे आहेत, पण बोलणारी मी एकटीच. मी पोलादाची एक जुनी कांडी. तुमच्या मधल्या बोटाएवढी लांब, दोन्ही टोकांना जाड, त्यावर आटे पाडलेले, आणि मध्ये बारीक कंबर. त्या कंबरेतच मी तुटले. आता मी एका शिवणकामाच्या टेबलावर असते. कापड बेतताना कागद हलू नये म्हणून माझा एक तुकडा या कडेला ठेवतात, दुसरा त्या कडेला. काम हलकं आहे आणि कुरकुर करायची मला सवय नाही. पण माझं खरं काम हे नव्हे. मला सूर्यासाठी घडवलं होतं.

हसू नका, खरंच सांगते. सूर्याच्या पोटात हलके अणू एकमेकांना चिकटतात आणि त्यातून अफाट उष्णता निघते. तेच इथे जमिनीवर, एका भल्यामोठ्या पोकळ, बांगडीसारख्या कड्यात घडवून आणायचं आणि त्यावर वीज करायची, हा माणसांचा जुना हट्ट आहे. आतला तापलेला वायू चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरतात. तो भिंतीला टेकत नाही, पण त्याची धग भिंतीला लागते आणि त्यातून सुटणारे अगदी बारीक कण भिंतीवर सारखे आदळत राहतात. ती भिंत पोलादाची असते. ती ताणली, वाकली, चिरली, की सगळ्या खटाटोपाची माती.

या भिंतीसाठी बाईंनी आमचं पोलाद तयार केलं. बाई धातूंच्या जाणकार. एका संशोधन संस्थेत त्यांची तळमजल्यावर छोटी खोली होती. खिडकीत मावेल एवढं टेबल, टेबलावर मावतील त्याहून जास्त डबे, आणि प्रत्येक डब्यात कुठल्या ना कुठल्या फसलेल्या पोलादाचा तुकडा. फसलेली टाकून का देत नाही असं कुणी विचारलं, तर म्हणायच्या, "यांनीच तर मला शिकवलं. घराबाहेर कशी काढू?"

पोलाद बळकट करायला नेहमी जे जिन्नस घालतात, त्यातले काही या भिंतीला चालत नाहीत. कणांचा मार खाऊन ते पुढे पिढ्यान् पिढ्या घातक किरण टाकत राहतात. म्हणून निकेल आणि मॉलिब्डेनम या दोघांना बाईंनी दारातूनच परत पाठवलं. लोखंडात क्रोमियम घेतलं, थोडं टंगस्टन घेतलं, चिमूटभर टँटलम. मग ते वितळवलं, ओतलं, लाल असतानाच रुळांमध्ये लाटलं, पुन्हा तापवलं, पाणी पाजलं, आणि शेवटी हलका ताव देऊन शांत केलं. प्रत्येक ताव बाईंनी स्वतः उभं राहून दिला. साडेसहाशे अंशांचा ताव तर मला त्यांनी इतक्या वेळा दाखवला की तो मला पाठ झाला. लाटताना आमच्या पोटात आमचेच अगदी बारीक, कडक कण पसरले. तापल्यावर पोलाद ढिलं पडायला लागलं की हे कण त्याला जागच्या जागी अडवून धरतात. बाईंचा सगळा भरवसा त्या कणांवर होता.

त्या लाटलेल्या एकाच पट्टीतून आम्ही पुष्कळ बहिणी निघालो. लेथवर सगळ्यांना कंबर आली. काहीजणींची कंबर थोडी वाकडी निघाली, त्या बाजूला पडल्या. मी सरळ निघाले. बाईंनी मला भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि म्हणाल्या, "तूच."

त्या शब्दाने मी किती फुगले होते, काय सांगू.

वेळही तशीच होती. मोठ्या कड्याची भिंत कोणत्या पोलादाची करायची हे ठरवायला एक समिती बसली होती. तिच्यापुढे एक जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं पोलाद होतं. बाईंचं म्हणणं होतं की आमचं पोलाद त्याच्याहून जास्त तापात टिकेल. संस्थेचे साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्याजवळ उधार कौतुक नव्हतं. ते म्हणाले, "बाई, कागदावर सगळीच पोलादं बळकट असतात. टांगा, तापवा आणि तुटत नाही ते दाखवा. मग तुमचं पोलाद समितीपुढे मी स्वतः घेऊन जातो."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मी टिकले तर बाईंचं पोलाद भिंतीत जाणार. मी तुटले तर बाईंची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

टांगण्याची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. तिथे ओळीने उभी यंत्रं. प्रत्येकात एक नळकांड्यासारखी भट्टी, भट्टीत एक कांडी, आणि कांडीला खालून वजनं. तापलेलं पोलाद ओझ्याखाली हळूहळू ताणत जातं. केसाएवढं, केसाच्याही अंशाएवढं. ते ताणणं डायलवर बघत बसायचं. कधी महिने, कधी वर्षं. जीव टांगणीला लागणं म्हणतात ना, ते तिथे जाऊन बघा.

त्या खोलीचे मालक मामा. नेमणुकीने ते भट्टी सांभाळणारे कारागीर, पण मालक म्हटलेलंच बरं. आत चपलांचा आवाज केलेला त्यांना खपत नसे. दार आपटलं तर साहेबांचीही गय नव्हती. एकदा एका पाहुण्याला शिंक येऊ लागली, तर मामांनी त्याला दंड धरून बाहेर काढलं आणि म्हणाले, "बाहेर जाऊन शिंका. आत पोरी कामाला लागल्यात." पोरी म्हणजे आम्ही. सगळ्या कांड्या त्यांच्या पोरी होत्या. कुणी तुटली की तिचे तुकडे उचलून आधी कपड्याने पुसायचे, मगच आकडा सांगायचे.

भट्टीत ताप किती आहे हे कळायला कांडीच्या कंबरेला एक तार बांधतात. थर्मोकपल तिचं नाव, मामा मात्र नुसतं तार म्हणत. प्लॅटिनमची असते आणि महाग असते. ती जेवढा ताप सांगेल तेवढाच मीटरला कळतो, आणि मीटर सांगेल तशी भट्टी तापते. म्हणजे आतल्या सगळ्या कारभारात तारेचा शब्द शेवटचा.

मामांकडे एक खास तार होती. फार पूर्वी एका पोलादाची लांबलचक चाचणी त्या तारेवर झाली होती. त्या चाचणीचं नाव झालं, त्या पोलादाचं नाव झालं, आणि मामांचंही झालं. तेव्हापासून ती तार त्यांनी चष्म्याच्या जुन्या डबीत, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली होती. ती कुणाला मिळत नसे. माझ्या दिवशी मात्र मामांनी ती डबी उघडली.

"बाई, तुमच्या पोरीला माझी तार देतो," ते म्हणाले. "हिच्यावर टांगलेली पोरगी अजून बदनाम झाली नाही."

बाईंना भरून आलं. आणि मित्रांनो, बाईंना शंकाही आली. मी त्यांच्या हातात होते, त्यांची बोटं थांबलेली मला कळली. वर्षानुवर्षं तापलेली तार दमते. असलेल्या तापापेक्षा कमी ताप सांगायला लागते. म्हणून जुनी तार बांधण्याआधी नव्या तारेशी ताडून बघायची असते. छोट्या भट्टीत दोघींना शेजारी शेजारी ठेवायचं, दोघी एकच आकडा सांगतात का बघायचं. चहा पिऊन होईपर्यंत होणारं काम ते.

"मामा, एकदा ताडून बघू या का?" बाई हळूच म्हणाल्या.

मामांचा चेहरा उतरला. डबी त्यांनी उघडीच धरली होती.

"बघा की," ते म्हणाले. "माझ्यावर भरवसा नसेल तर जरूर बघा."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे या वाक्यानंतर कुणी काही बघतं का? बाई ओशाळल्या. "तसं नाही हो मामा, नियम म्हणून आपलं म्हटलं," असं काहीतरी पुटपुटल्या. मामा म्हणाले, "नियम मीच लिहिलेत या खोलीचे." दोघंही हसले, आणि तार माझ्या कंबरेला बांधली गेली. मामांनी गाठ इतक्या मायेने मारली की मला त्यांचा राग आजही धड करता येत नाही.

भट्टी तापली. मीटरवर साडेसहाशे आले आणि तिथेच थांबले. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मला आत कळलं, हा तो ताव नाही.

साडेसहाशेचा ताव मला पाठ होता. हा त्याच्या वरचा होता. मी कंबरेच्या तारेकडे पाहिलं. ती बिचारी खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच तेवढंच वाटत होतं. म्हातारपणी कानाला कमी ऐकू येतं, तसं तिचं झालं होतं. मीटर तिचं ऐकत होता, भट्टी मीटरचं ऐकत होती, आणि माझं ऐकायला कुणी नव्हतं. मला तोंड नाही. मला फक्त ताणता येतं, आणि ते मी शक्य तेवढं टाळत होते.

पहिल्या दिवसांत माझं छान चाललं. डायल जेमतेम हलायची. बाई सकाळी आल्या की पर्ससुद्धा न ठेवता आधी माझ्याकडे यायच्या. डायल बघायच्या, मामांकडे बघायच्या. मामा म्हणायचे, "झोपलीय. उठवू नका." बाई हसत निघून जायच्या. माझ्या पोटातले बारीक कण जिवाच्या आकांताने धरून उभे होते. बाईंनी त्यांना जेवढ्या तापासाठी तयार केलं होतं, त्याहून जास्त ताप ते सोसत होते, आणि तरी धरून होते. मला माझा अभिमान वाटायचा, पण तो सांगणार कुणाला?

पुढे तार आणखी दमली. ती जसजशी कमी सांगू लागली, तसतशी भट्टी आणखी तापू लागली. मीटरवर मात्र तेच साडेसहाशे. माझे कण एकेक करून जाड झाले, सुटे पडले. डायल आधी हलली, मग सरकली, मग सकाळ-संध्याकाळचा फरक दिसू लागला. बाईंचं हसू गेलं. त्या डायलपुढे उभ्या राहायच्या आणि नखं कुरतडायच्या.

"मामा, ही इतक्या लवकर कशी ढिली पडतेय?"

"पोलाद आहे बाई. कधी कधी दगा देतं."

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. दगा मी देत नव्हते हो.

भर दुपारी, जेवणाच्या वेळेला मी तुटले. वजनं खालच्या वाळूच्या पेटीत धपकन पडली आणि यंत्राचं घड्याळ थांबलं. मामा डब्याचं झाकण हातात घेऊनच धावत आले. बाईंना बोलावलं. साहेब आले. आजूबाजूच्या खोल्यांतले लोकही दारात जमले. आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "किती टिकली?" मामांनी घड्याळ वाचून आकडा सांगितला. साहेबांनी मान हलवली. कुणीतरी चुकचुकलं. किती टिकली, किती टिकली. दुसरा प्रश्न कुणालाच सुचला नाही.

समितीने जुनं पोलाद घेतलं. बाईंचं पोलाद बाद झालं. माझ्या उरलेल्या बहिणी पोत्यात भरून भंगारात गेल्या. त्यांच्या आता खिडक्यांच्या बिजागऱ्या झाल्या असतील, नाहीतर खिळे. बाईंनी कुणालाही दोष दिला नाही, सगळा स्वतःकडे घेतला. साहेब म्हणाले की नवीन ओत काढू, पुन्हा करून बघा. बाई म्हणाल्या, "नको. मला कळतं असं मला उगाच वाटत होतं." फसलेल्या पोलादांचे सगळे डबे त्यांनी तिथेच सोडले आणि बॉयलर तपासणीच्या कार्यालयात नोकरी धरली. जाताना मामांनी माझे तुकडे पुसून त्यांच्यापुढे धरले.

"राहू दे मामा," त्या म्हणाल्या. "मला नको ती."

ज्या तोंडाने मला "तूच" म्हटलं होतं, त्याच तोंडाने. मित्रांनो, भट्टीत मला जेवढं भाजलं नाही तेवढं त्या दिवशी भाजलं.

मग मी खणात गेले. सुट्या नटबोल्टांत, तुटक्या पान्याच्या शेजारी, वर्षानुवर्षं. कुणाला एखादा वॉशर हवा असला की हात आत येई, मला बाजूला सारी आणि खण बंद होई. खणाच्या फटीतून मला भट्ट्यांची घरघर ऐकू यायची. नव्या पोरी टांगल्या जात होत्या, तुटत होत्या, त्यांचे आकडे सांगितले जात होते. मोठ्या कड्याची भिंत ओतायला घेतल्याचंही मी तिथेच ऐकलं. त्या दिवशी खोलीत पेढा-बिढा काही वाटला नाही, पण सगळे खूश होते. मीही खूश व्हायचा प्रयत्न केला.

मामांच्या निवृत्तीच्या आधी संस्थेत नवीन हुकूम आला. सगळ्या जुन्या तारा ताडून बघायच्या, कुणाच्याही सोडायच्या नाहीत. मामांनी हुकूम वाचला आणि नाक मुरडलं. तरी हुकूम तो हुकूम. एकेक तार छोट्या भट्टीत घालून त्यांनी बघितली. आपली खास तार त्यांनी सगळ्यात शेवटी काढली. नव्या तारेच्या शेजारी ठेवली आणि मीटरपुढे स्टूल ओढून बसले.

नव्या तारेने साडेसहाशे सांगितलं. जुनी तार मागेच राहिली.

मामांनी मीटर बदलला. जुनी तार मागेच राहिली. त्यांनी नवी तार बदलली, मग भट्टीच बदलली. काही केल्या जुनी तार पुढे येईना. खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. तार मोडीत टाकली असती आणि गप्प बसले असते, तर कुणाला पत्ता लागला नसता. त्याऐवजी ते उठले, खण उघडला, नटबोल्टांतून मला शोधून काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. मला पुसायचं ते विसरले नाहीत.

साहेबांना त्यांनी सगळं सांगितलं. साहेब खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "मामा, आता काय उपयोग? भिंत ओतून झाली. निवृत्तीला आलात, कशाला स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेता?"

"बट्टा लागलेलाच आहे साहेब," मामा म्हणाले. "फक्त तो दुसऱ्याच्या नावावर चढलाय."

सुट्टीच्या दिवशी मामा मला आणि चष्म्याची डबी घेऊन बाईंच्या घरी आले. बाई आपल्या थोरल्या बहिणीकडे राहतात. ताई शिवणकाम करतात. बाहेरच्या खोलीत त्यांचं मशीन, बेतायचं टेबल, भिंतीवर टांगलेले कागदाचे बेत. ताईंनी दार उघडलं, मामांना ओळखलं आणि आत बसवलं. बाई आल्या. मामांनी मला टेबलावर ठेवलं, शेजारी डबी ठेवली. पाणी आणलं होतं, त्याला हात लावला नाही.

"बाई, तुमची पोरगी साडेसहाशेला टांगलेली नव्हती," ते म्हणाले. "माझी तार कमी सांगत होती. आत पस्तीस अंश जास्त होते. सुरुवातीला थोडे कमी असतील, एवढंच."

बाईंनी टेबलावरचा ताईंचा खडू उचलला आणि बेताच्या कागदावर हिशेब मांडायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांनी असं काही मांडलं नसेल, पण हात अडखळला नाही. ताप थोडा वाढला तरी पोलादाचं आयुष्य कितीतरी पटींनी घटतं. त्यांनी माझे तास घेतले, खरा ताप घेतला, उलट मोजत गेल्या. मग समितीच्या पोलादाचा हिशेब शेजारी मांडला. खडू थांबला.

"त्यांचं पोलाद या तापात हिच्या निम्म्यानंही टिकलं नसतं," त्या म्हणाल्या. अगदी सावकाश म्हणाल्या. "हिनं कमाल केली होती, मामा."

एवढी वर्षं मी या एका वाक्यासाठी झुरत होते. ते आलं तेव्हा माझे दोन तुकडे झालेले, बहिणी भंगारात गेलेल्या आणि भिंत दुसऱ्याच कुणाची उभी. मला आनंद झाला नाही असं नाही. पण जेवण आटोपून भांडी घासून झाल्यावर ताट वाढलं, तर माणूस काय करेल?

ताईंनी मशीन थांबवलं होतं. त्या फटकळ आहेत, मनात ठेवत नाहीत. "म्हणजे ही माझी बहीण एवढी वर्षं या घरात मान खाली घालून वावरली," त्या म्हणाल्या, "स्वतःला काही येत नाही असं म्हणत राहिली, ते कशापायी? एका तारेला विचारलं नाही म्हणून?"

"मी विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

"एकदाच विचारलंत," मामा खाली बघत म्हणाले. "पुन्हा विचारलं असतंत तर मी तार ताडायला दिली असती. रुसलो असतो दोन दिवस, पण दिली असती."

"आणि तुम्ही आपणहून का नाही दिलीत?" बाईंचा आवाज चढला. मी तो चढलेला पहिल्यांदाच ऐकला. "मी तुमचा मान राखला, मामा. माझं सगळं त्या कंबरेला बांधलं होतं, आणि मी तुमचा मान राखत बसले. तुम्ही माझं काय राखलंत?"

मामा उठले. ताईंनी चहाचं म्हटलं, तर नको म्हणाले. मला आणि डबीला तिथेच ठेवलं. दारापर्यंत गेले, एकदा वळले, आणि गेले. बाईंनीही त्यांना थांबवलं नाही.

त्यानंतर बाई साहेबांकडे जाऊन आल्या. कागदावरचा तो हिशेब त्यांनी पुढे ठेवला. साहेबांनी तो नीट बघितला, माफी मागितली आणि म्हणाले, "पुढची भिंत होईल तेव्हा नक्की बघू." पुढची भिंत केव्हा होणार हे त्यांनाही ठाऊक नाही.

बाई बॉयलरच्याच नोकरीत राहिल्या. पण एक फरक पडला, तो मी त्यांच्या बोलण्यातून ऐकते. आता कुठल्याही कारखान्यात गेल्या की त्या आपला मीटर लावून ताप पुन्हा मोजतात. तिथला म्हातारा बॉयलरवाला रुसतो आणि म्हणतो, "बाई, माझ्यावर भरवसा नाही का?" बाई म्हणतात, "आहे. पण मोजू दे. तुम्ही रुसलात तरी चालेल." हे त्यांनी ताईंना सांगितलं तेव्हा ताई म्हणाल्या, "हे मामांना जाऊन सांग. त्यांना बरं वाटेल."

"जाईन," बाई म्हणाल्या.

गेल्या नाहीत. राग केव्हाच निवला होता, ते मला माहीत आहे. कितीदा तरी त्या टेबलाशी यायच्या, डबी उघडून तार बघायच्या आणि मिटायच्या. मामांना काय वाटेल, आपण गेलो तर त्यांना अवघडल्यासारखं होईल, पुढच्या सुट्टीला बघू. मामाही तिकडे असंच म्हणत असतील. मित्रांनो, ज्या भिडेने मला तोडलं, तीच भीड पुन्हा दोघांच्या मध्ये येऊन बसली, आणि या वेळीही मी तिथेच टेबलावर होते, आणि या वेळीही मला तोंड नव्हतं.

मग एका सकाळी संस्थेतून निरोप आला की मामा गेले. बाई तशाच निघाल्या. दुपारी परत आल्या, पर्स न ठेवता माझ्याकडे आल्या आणि खुर्चीत बसल्या. मामांच्या घरच्यांनी त्यांना सांगितलं होतं की शेवटच्या आजारात ताप चढला, की मामा सारखं म्हणायचे, "दुसऱ्या मीटरने बघा. एकाचं ऐकू नका." घरच्यांना वाटलं, भ्रम झालाय.

बाईंनी माझे दोन्ही तुकडे उचलले आणि तुटल्या जागी एकमेकांना लावून पाहिले. ते काही बसेनात. तुटण्याआधी मी इतकी ताणली गेले होते की माझी कंबरच उरली नव्हती. त्यांनी मला पदराने पुसलं, मामा पुसायचे तसं, आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"किती गरम होतं गं आत?"

एवढंच मला कुणीतरी विचारायला हवं होतं. मी तुटले त्या दुपारी दारात एवढे लोक उभे होते, तेव्हा. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला कळलं की हे त्या मला एकटीला विचारत नाहीयेत.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. वस्तू जपून वापरा, तारा वेळच्या वेळी ताडून बघा, हे तर करालच. ज्याच्यावर तुमची माया आहे त्यालाही तपासा, आणि कुणी तुम्हाला तपासायला आलं तर रुसू नका. आणि तुमच्या आसपास कुणी तुटलं, माणूस असो की वस्तू, तर किती टिकलं ते नंतर विचारा. आधी विचारा, आत किती गरम होतं. आणि जायचं असेल तर वेळेवर जा.

आता ताई मशीनवर बसल्यात. कागद उडतोय, माझं काम आलं.